मिरगाआधी छप्पर

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या नगरपरिषदेवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या ताईंनी विचारलंय: "बाजाराच्या मागे नगरपरिषदेची साठ गुंठे जागा मोकळी पडून आहे. मासे विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या कुटुंबांना गावात भाड्याची खोली मिळेनाशी झालीय, कारण खोल्यांचे होमस्टे झाले. परवडणारी घरं बांधायची तर पैसा कुठून उभा करायचा? आणि घरं कशी बांधायची?"

ताई, हे दोन प्रश्न वाटतात, पण आपल्या किनाऱ्यावर ते वेगळे काढता येत नाहीत. गेली सव्वीस वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या नगरपरिषदांसाठी घरकुलांचे आराखडे आणि अंदाजपत्रकं करतोय. अर्धवट राहिलेली जी घरं पाहिली, त्यातली थोडी पैसा कमी पडला म्हणून अडली. बहुतेक अडली ती पैसा उशिरा आला म्हणून. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम दसऱ्याला उघडतो आणि मिरगाला मिटतो. सात जूनला ज्या घरावर छप्पर नाही, ते पुढचे चार महिने भिजत उभं राहतं. म्हणून घराचा नकाशा आणि पैशाचं वेळापत्रक मी एकाच कागदावर काढतो. तुम्हीही तसंच करायला लावा.

एका घराचं सांगतो. खाडीकाठच्या एका गावात चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई. सासऱ्याच्या वाट्याची दीड गुंठा जागा होती, घरकुल मंजूर झालं दिवाळीत. जोत्यापर्यंतचा खर्च आधी आपण करायचा आणि मग हप्ता यायचा, म्हणून तिने बचत गटाचं कर्ज काढलं, पाटल्या गहाण टाकल्या आणि फेब्रुवारीत जोतं उभं केलं. त्याचा फोटो चढवला, नोंद झाली. हप्ता खात्यात आला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर पाऊस लागला होता. मी ऑक्टोबरात तिथे गेलो तेव्हा खांबांच्या सळया जोत्याच्या वर चार फूट तशाच उभ्या होत्या. एका सळईवरून हात फिरवला तर तळहात विटकरी झाला, वर पापुद्रे हाताला आले, आणि जोत्यावर गंजाचे ओघळ उतरले होते. समुद्रावरून येणारं खारं वारं चार महिन्यांत एवढं करतं. सळया घासणं, काही तोडून नव्या जोडणं, भाड्याच्या खोलीचे वाढलेले सात-आठ महिने, बचत गटाचं व्याज, सगळं धरून तिला साठ हजारांच्या वर भुर्दंड पडला. अनुदान मात्र तिला पैन्‌पै मिळालं होतं. कागदावर त्या घराची तक्रार शून्य आहे.

आता पैसा कुठून येतो ते. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ ला सुरू झाला, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. तुमच्या कामाचे त्यातले रस्ते तीन. ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांनी स्वतः बांधायचं घर, नगरपरिषदेच्या किंवा म्हाडाच्या जागेवर भागीदारीत बांधलेला प्रकल्प, आणि दुसऱ्या टप्प्यात आलेली भाड्याची घरं. पहिल्या दोन रस्त्यांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. कर्जावरच्या व्याजात सवलतीचाही एक रस्ता आहे, पण तो ज्यांना बँक कर्ज देते त्यांच्याच कामाचा. तुमच्या यादीतल्या मासेवाल्या बाईकडे पगाराची चिठ्ठी नसते, हे धरूनच चाला.

अडीच लाख ऐकायला बरे वाटतात, म्हणून हिशेब मांडून बघू. घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. भिंती, जिना, पडवीचा वाटा धरून बांधकाम चारशे चौरस फूट. सोपं जावं म्हणून चौरस फुटाला १,८०० रुपये धरू. घर झालं ७ लाख २० हजारांचं. अडीच लाख वजा केले की उरतात ४ लाख ७० हजार. नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,७७० रुपये. घरात महिन्याला पंधरा हजार येत असतील तर मिळकतीचा तिसरा हिस्सा यात जातो. ओढाताण होते, पण निभतं. यात जमिनीचे फक्त दोन लाख घाला. हप्ता ६,८०० वर जातो आणि ते कुटुंब यादीतून गळतं. जागेसाठी एक पैसाही न लावणं, ही नगरपरिषद देऊ शकते ती सगळ्यात मोठी मदत आहे. अनुदान सरकारकडून येतं, पण घर परवडणारं होतं ते जमिनीमुळे. ते साठ गुंठे तुमच्या हातातलं खरं भांडवल आहे. कोणी सुचवेल की निम्मी जागा विकून उरलेल्या निम्म्यावर घरं बांधू. त्याला माझा ठाम विरोध असेल, कारण विकलेली जागा किनाऱ्यावरच्या गावात पुन्हा त्या भावाला मिळत नाही.

रस्ता, गटार, पाण्याची मुख्य वाहिनी, पथदिवे हे घराच्या किमतीत घालू नका. ही नगरपरिषदेची नेहमीची कामं आहेत. त्यासाठी राज्य सरकारची नगरोत्थान योजना आहे, वित्त आयोगाचा निधी आहे. प्रकल्प अहवालात ती वेगळ्या भागात दाखवा आणि घरांच्या आधी मंजूर करून घ्या. घरं आधी आणि पाणी मागाहून आलं की काय होतं, ते विरार-बोळींजला दिसलं. म्हाडाच्या कोकण मंडळाची तिथली हजारो घरं वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत, आणि पाण्याची वानवा हे त्याचं मोठं कारण होतं.

मोठ्या शहरांतल्या काही वाटा आपल्याला नाहीत, तेही सांगून ठेवतो, म्हणजे सभेत कोणी भलत्या आशा लावल्या तर उत्तर देता येईल. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर बिल्डरने वीस टक्के जागा लहान घरांसाठी ठेवायची, हा नियम दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. आपल्या एकाही नगरपरिषदेला तो लागू होत नाही. जास्त मजले बांधायचा हक्क, म्हणजे वाढीव एफएसआय, विकून पैसा उभारणं हेही मुंबई-ठाण्यात जमतं. जिथे दोन मजल्यांच्या वर बांधायला कोणी उत्सुक नाही, तिथे त्या हक्काला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मग स्थानिक पैसा उभा करायचा कसा? यात एक जुनी गोष्ट मला नेहमी आठवते, कारण ती आपल्या माणसांची आहे. १९२० साली मुंबईत गव्हर्नर लॉइडच्या काळात विकास खातं स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. आज आपण त्यांना बीडीडी चाळी म्हणतो. त्यासाठी पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. ज्या मालावर शहर जगत होतं, त्याच मालावर घरांचा भार टाकला. पुढे याच चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या गावागावांतले चाकरमानी दाटीवाटीने राहिले. त्या चाळींची रचना चांगली होती असं मी म्हणणार नाही. सामाईक संडास, कोंदट खोल्या, आणि सुरुवातीला तर कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. पण पैशाचं तत्त्व बरोबर होतं.

तुमच्या गावात कापसाच्या गाठी येत नाहीत, पर्यटक येतात. भाड्याच्या खोल्या त्यांच्यामुळेच कमी झाल्या. माथेरानची नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवेश कर घेते. तुमच्याकडे प्रवेश कर शक्य नसेल तरी वाहनतळाचं शुल्क आहे, किनाऱ्याजवळच्या गाळ्यांचं भाडं आहे, नव्या लॉजच्या परवानगीबरोबर येणारं विकास शुल्क आहे. यातला ठरावीक हिस्सा घरांसाठी, असा सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या आणि तो वेगळ्या खात्यात ठेवा. एकाच खात्यात राहिला तर तो पहिल्या खड्ड्यात जाईल. यातून घरं बांधून होणार नाहीत, तेवढा तो पैसा नसतो. त्याचं काम वेगळं आहे. तो हप्त्याआधी द्यायचा फिरता पैसा.

या फिरत्या निधीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मघाच्या बाईचं दुखणं इथेच बरं होतं. समजा यंदा चाळीस घरं धरली आणि प्रत्येकाला जोत्यापासून छपरापर्यंत एक लाख आधी लागले, तर चाळीस लाख पुरतात. हप्ता आला की पैसे परत येतात आणि पुढच्या दसऱ्याला तेच दुसऱ्या चाळीस घरांना मिळतात. नगरपरिषदेने थेट पैसे वाटणं लेखापरीक्षणात अडकतं. म्हणून हे जिल्हा बँकेमार्फत किंवा एखाद्या चांगल्या पतसंस्थेमार्फत करावं. मंजुरीपत्रावर अल्पमुदतीचं कर्ज, अनुदानाचं खातं त्याच बँकेत, हप्ता आला की आधी कर्ज वळतं होईल असं लाभार्थीचं लेखी पत्र. निधीतून भरायचं ते त्या चार-सहा महिन्यांचं व्याज. एका लाखाला सहा महिन्यांचं व्याज पाच हजारांच्या आसपास येतं. चाळीस घरांचं दोन लाख. एवढी रक्कम कुठलीही नगरपरिषद काढू शकते, आणि त्या दोन लाखांनी चाळीस घरांवर मिरगाआधी छप्पर पडतं. माझ्या सगळ्या कामात कमी पैशात जास्त फळ देणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

आता ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांच्याविषयी, कारण साठ गुंठ्यांच्या नादात ही माणसं मागे राहतात आणि संख्येने तीच जास्त असतात. त्यांचं अडतं ते सातबाऱ्यावर. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असणं नेहमीचंच. आजोबांच्या नावानंतर वारस लागलेले नाहीत, अर्धी नावं बोरिवली-डोंबिवलीत, दोन कोल्हापुरात, एकाचा पत्ताच नाही. घर पिढ्यान्‌पिढ्या राहतं आहे, पण कागदावर त्या माणसाचा तुकडा ठरलेला नाही, म्हणून घरकुल नाही. संमतीने वाटप करायची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. अडचण असते ती सगळ्यांना एका जागी आणण्याची. ती माणसं एका जागी येतात गणपतीत. म्हणून गणपतीच्या आठवड्यात वॉर्डावॉर्डात शिबिर लावा. तलाठी, भूमी अभिलेखचा माणूस, एक वकील, नोटरी आणि झेरॉक्सचं मशीन. एका गावी आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळेच्या वर्गात रांग लागली होती. वर्षाला तोंड न बघणारे चुलतभाऊ एका बाकावर बसून सह्या करत होते. सणात माणूस मऊ असतो. हीच फाईल मुंबईला पत्रं पाठवून केली असती तर तीन वर्षं गेली असती.

तुमच्या गावात सरकारी जागेवर वर्षानुवर्षं राहणारी कुटुंबं असतील, तर १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करून त्यांना घरकुलात घेण्याचं शासनाचं धोरण आहे. जुनं वीजबिल, घरपट्टीची पावती, मतदार यादीतलं नाव हे पुरावे आत्ताच गोळा करायला सांगा.

साठ गुंठ्यांकडे येतो. नकाशावर एक रेघही ओढायच्या आधी तीन गोष्टी बघा. विकास आराखड्यात त्या जागेवर कुठलं आरक्षण आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात ती कुठे पडते. आणि पूररेषा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारातले तळमजले बुडाले आणि ज्यांचं सगळं तळमजल्यावर होतं त्यांचं काही उरलं नाही. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीवर माणसं गेली. गरिबांच्या घरांना नेहमी अशीच जागा मिळते, जी दुसऱ्या कुणाला नको असते. एक तर खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, बुजवून केलेली, नाहीतर डोंगर कापून केलेली. बाजारामागची मोकळी जागा इतकी वर्षं मोकळी का राहिली, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पावसात तिथे पाणी किती दिवस उभं असतं ते त्यांना ठाऊक असतं.

जागा कोरडी निघाली तर मी तिथे उंच इमारती काढणार नाही. साठ गुंठे म्हणजे सहा हजार चौरस मीटरच्या थोडं वर. दहा टक्के मोकळी जागा आणि रस्ते सोडून खाली एक, वर एक अशी जोडघरं बसवली तर ऐंशीच्या आसपास घरं होतात. वरच्या घराला बाहेरून स्वतंत्र जिना. लिफ्ट नाही, पंप नाही, वीस वर्षांनी मोडणारं काही नाही. एकदा एका बैठकीत तीन मजल्यांच्या इमारतींचा नकाशा दाखवला गेला तेव्हा मागे बसलेली मासे विकणारी बाई उठून म्हणाली, "माझी टोपली पहाटे चारांक घरात येता. ती मी तिसऱ्या माळ्यार नेव?" त्या एका प्रश्नाने नकाशा बदलला. तुम्हीही यादीतल्या बायकांना नकाशा पक्का व्हायच्या आधी बोलवा. टोपली कुठे ठेवणार, सुकट कुठे घालणार, जाळं कुठे विणणार, पावसात कपडे कुठे वाळणार, हे विचारा.

यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर पडवी हे आहे. आपल्या जुन्या घरांना पडवी होती ती शोभेसाठी नव्हती. पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोचू नये आणि चार महिने घरातली कामं उघड्यावर पण कोरड्यात व्हावीत, म्हणून होती. योजनेच्या घरात पडवी का नाही, असं विचारलं की उत्तर मिळतं, ३० चौरस मीटरमध्ये बसत नाही. पण रेरा या घरबांधणीवरच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात व्हरांडा धरला जात नाही. म्हणजे नियम आड येत नाही, येतो तो फक्त खर्च. दीड मीटर रुंदीची, लोखंडी नळीच्या खांबांवर, कौलांची किंवा पत्र्याची उतरती पडवी केली तर तो खर्चही आवाक्यात राहतो. माझ्या अंदाजपत्रकात ती मी शेवटच्या कलमात टाकत नाही. शेवटची कलमं नेहमी कापली जातात.

छपराचंही तसंच. सरकारी नमुना नकाशात सपाट स्लॅब असतो. कुठल्याही कोकणी गावात उंचावरून पाहा, अर्ध्याहून जास्त स्लॅबांवर नंतर घातलेली पत्र्याची शेड दिसेल. स्लॅब गळतो, माणूस तीन पावसाळे सोसतो आणि चौथ्या वर्षी कर्ज काढून वर पत्रा टाकतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे सपाट छप्पर म्हणजे एकाच घराला दोन छपरांचा खर्च. पहिल्यापासून उतरतं छप्पर द्या. ते घट्ट बांधून मात्र द्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कौलं आणि पत्रे पालापाचोळ्यासारखे उडाले. वादळाचा वारा छपराला वरून दाबत नाही, खालून उचलतो. रीप वाशाला, वासा आढ्याला आणि भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, आणि तो पट्टा खाली जोत्यापर्यंत सळईने जोडलेला असला पाहिजे. चारही बाजूंनी उतरतं छप्पर वाऱ्याला दोन पाखींपेक्षा चांगलं तोंड देतं. कोपऱ्यात पत्र्याचे हूक दुप्पट. हा सगळा मिळून घरामागे काही हजारांचा मामला आहे.

भिंत चिऱ्याची. आपला जांभा दगड इथल्याच खाणीतला, वाहतूक कमी, गवंडी घरचे. खाणीतून नुकताच काढलेला मऊ चिरा लगेच लावू नका. तो उघड्यावर राहून कडक व्हावा लागतो. बाहेरून चिऱ्यांमधल्या फटी भरून घेतल्या की गिलाव्याचा खर्च वाचतो, आतून मात्र गिलावा हवा. एका वसाहतीत खर्च वाचवायला चार इंची सिमेंट ब्लॉकच्या भिंती घातल्या होत्या. पहिल्या जुलैत गेलो तर एक आजी म्हणाली, "घर बरां आसा रे, पण भिंतीक घाम येता." हात लावला, खरंच ओल पाझरत होती. गाद्या भिंतीपासून हातभर दूर ओढून ठेवल्या होत्या आणि त्यामुळे आधीच लहान असलेली खोली आणखी लहान झाली होती.

काँक्रीटबद्दल थोडं तांत्रिक, पण हे तुमच्या अभियंत्याला ठणकावून विचारा. आयएस ४५६ या मानकानुसार किनाऱ्यावरचं उघडं काँक्रीट तीव्र परिस्थितीत मोडतं. म्हणजे किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण. निविदेत समुद्रापासून दूरच्या गावांसारखंच एम २० लिहिलेलं असतं आणि आवरण बोटभरही नसतं. दहा वर्षांत सळई फुगते, काँक्रीट सुटतं, आणि लोक म्हणतात सरकारी काम. खाडीची रेती न धुता वापरली तर तो खार पहिल्या दिवसापासून आत असतो. जास्त चांगलं काँक्रीट महाग पडतं, म्हणून मी काँक्रीटच कमी लागेल असं घर काढतो. खाली एक वर एक घराला चिऱ्याच्या भिंती भार घेऊ शकतात. मग खांब कमी, आणि आडवे-उभे पट्टे तेवढे नीट करायचे.

छज्जे दीड फुटांचे नकोत, अडीच फुटांचे हवेत, विशेषतः नैऋत्येकडच्या खिडक्यांवर. शौचालयाची टाकी विहिरीपासून किमान पन्नास फूट. जांभा सच्छिद्र आहे, त्यातून घाण पाणी सहज पुढे सरकतं आणि जुलैत तर जमिनीतलं पाणी हाताला लागतं. आणि चाळीस चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात लाखभर लिटर पाणी पडतं, ते सगळं गटारात सोडून मेमध्ये टँकर बोलवायचा, हे बंद करता येतं. पन्हळ आणि चार घरांत मिळून एक साठवण टाकी आराखड्यातच घ्या.

जागेच्या एका टोकाला भाड्याच्या खोल्या ठेवा, वीस-चोवीस पुरेत. सगळ्यांना मालकीचं घर नको असतं. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी, बोटीवरचे खलाशी, बदलीवर आलेल्या नर्सबाई यांना हंगामापुरती, वर्षापुरती निवाऱ्याची जागा हवी असते. ती नसली की ते दाटीने कुठेतरी राहतात आणि तुमच्या स्थानिक कुटुंबांच्या खोल्यांचं भाडं वाढतं. खोल्यांचं भाडं देखभालीच्या खात्यात जाऊ द्या. ऐंशी जोडघरांची छपरं, पन्हळी, टाक्या दर उन्हाळ्यात शाकारून साफ कराव्या लागतील आणि तो पैसा लाभार्थ्यांकडून दरमहा वसूल होईल या भरवशावर राहू नका.

शेवटचा मुद्दा कडू आहे, पण आताच ठरवायला हवा. ही घरं बाजाराजवळ, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हाडाच्या घरासारखी पाच वर्षांची विक्रीबंदी घातलीत तर सहाव्या वर्षी पहिला होमस्टे उघडेल आणि दहाव्या वर्षी तुम्ही आज जिथे आहात तिथेच पुन्हा याल. त्या कुटुंबांना मी दोष देत नाही. दहा लाख समोर दिसले की कोणीही विचार करेल. म्हणून जमीन नगरपरिषदेच्या नावावर राहू द्या, घरधारकांच्या सहकारी संस्थेला ती दीर्घ भाडेपट्ट्याने द्या, आणि घर सोडायचं असेल तर ते यादीतल्या पात्र कुटुंबालाच, ठरलेल्या सूत्राने काढलेल्या किमतीत जाईल असं पट्ट्यातच लिहा. बँका सुरुवातीला कुरकुर करतात. नगरपरिषद, संस्था आणि बँक असा त्रिपक्षीय करार आधी तयार ठेवला की कर्ज मिळतं. पट्ट्यावर बाईचं नाव असू द्या, एकटीचं किंवा जोडीने. योजनेलाही तेच अपेक्षित आहे.

आता तारखा. गणपतीत संमतीपत्रं आणि यादी. पितृपक्षात कोणी जोतं घालत नाही, तेव्हा ते पंधरा दिवस मोजणी आणि नकाशे मंजुरीला वापरा. दसऱ्याला कार्यादेश. दिवाळीनंतर पाया, मकरसंक्रांतीला जोतं, शिमग्याला भिंती छपराच्या पातळीला. चाकरमानी पुन्हा येतात, राहिलेल्या सह्या तेव्हा. अक्षय्य तृतीयेला छप्पर. एखादं घर यात मागे पडलं तर ते अर्धवट उभं करायला देऊ नका. जोत्यावर थांबवा, सळयांना सिमेंटचं पाणी लावून प्लास्टिकने बांधा, आणि पुढच्या दसऱ्याला घ्या. ठेकेदाराला हे आवडत नाही, कारण त्याचं बिल अडतं. कार्यादेशातच तसं कलम घाला.

जागेचा नकाशा, विकास आराखड्याचा उतारा आणि नगरपरिषदेचा ताबा सांगणारा कागद एवढं काढून ठेवा. जागा बघायला मी येईन. जुलैत बोलवा, चांगला लागून राहिलेला पाऊस असेल तेव्हा. गमबूट घालून दोघं सगळी जागा फिरू आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, त्या ठिकाणी खुंट्या मारून ठेवू.